अंथरूण, अंतराळ आणि आपली आजी

आमच्या गल्लीतल्या एका आजीची गोष्ट. पावसाळ्यात तिला ताप आला. चार दिवस दवाखान्यात सलाईन लागलं आणि ताप उतरला. घरी आल्यावर सगळ्यांनी मायेनं सांगितलं, "आजी, आता अजिबात उठायचं नाही. पडून राहायचं." सुनेनं जेवण अंथरुणात दिलं. नातीनं भांडं दिलं, काढलं. तीन आठवड्यांनी पौर्णिमेला विहारात जायचं म्हणून आजी उठली, तर गुडघे लटपटले आणि ती जागीच बसली. "तापानं माझे पाय खाल्ले गं," असं ती म्हणाली. तेव्हा आम्हीही मान डोलावली.

ताप तर तीन आठवड्यांपूर्वीच गेला होता. मग पायातली ताकद गेली कुठं? उत्तर असं की, बरीचशी अंथरुणानंच खाल्ली. हे आम्हाला नीट कळलं ते अंतराळवीरांच्या शरीरावर झालेला अभ्यास वाचताना. आरोग्याच्या पानावर अंतराळ कशाला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण या अभ्यासातली मुख्य वस्तू यान नाही, खाट आहे.

वजन जातं कुठं?

15 जुलै 2025 रोजी आपले शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात 18 दिवस राहून परत आले. यानातून बाहेर येताना त्यांना दोन्ही बाजूंनी माणसांनी आधार दिला होता. धडधाकट, कसलेला वैमानिक. तरी जमिनीवर पाय टेकताना आधार लागला. त्याआधी 1984 मध्ये राकेश शर्मा जवळपास आठ दिवस अंतराळात राहिले, तेव्हा वजनाशिवाय शरीर कसं सांभाळावं हे पाहायला त्यांनी तिथं योगासनं करून पाहिली होती.

पुष्कळांना वाटतं की वर गेलं की पृथ्वीची ओढ संपते. तसं नाही. स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटर उंच आहे आणि तिथंही पृथ्वीची जवळपास नव्वद टक्के ओढ शिल्लक असते. मग माणसं तरंगतात का? जत्रेतला आकाशपाळणा आठवा. पाळणा वरून झपकन खाली येतो तेव्हा पोटात गोळा येतो आणि बूड बाकावरून सुटल्यासारखं वाटतं. स्थानक आणि त्यातली माणसं तशीच सतत पडत असतात. पुढं जायचा वेग इतका असतो की पडता पडता ती पृथ्वीला वळसा घालत राहतात. पायाखालची फरशीही सोबतच पडत असल्यानं पायावर भार येत नाही.

भार नाही म्हणजे सुख, असं आपल्यासारख्या ओझी वाहणाऱ्या माणसांना वाटेल. पण शरीराला तो भार लागतो. तो गेला की काय होतं, हे पृथ्वीवरच तपासायचे मार्ग शास्त्रज्ञांनी शोधले आहेत.

जमिनीवरचं अंतराळ

जर्मनीत ब्रेमेन शहरात 146 मीटर उंचीचा मनोरा आहे. त्यात आतून वस्तू खाली सोडतात. पण पाच सेकंदही पुरे होत नाहीत, तोवर ती तळाला पोचते. फ्रान्समध्ये बोर्दो इथून एक विमान उडतं. ते आकाशात कमानीसारखं वर जातं आणि खाली येतं. त्यात माणसं साधारण 22 सेकंद तरंगतात, आणि कित्येकांना उलट्या होतात. या दोन्ही ठिकाणी वजन खरोखर हरपतं, पण क्षणभरच. हाडं झिजायला, स्नायू वाळायला दिवस लागतात, आठवडे लागतात. तेवढा वेळ कसा मिळवायचा?

त्यासाठी माणसाला अंथरुणावर झोपवून ठेवतात. आपण उभे असतो तेव्हा डोक्यापासून टाचेपर्यंत सगळा भार पायांवर येतो आणि रक्तही पायांकडे ओढलं जातं. आडवं पडलं की हा भार पाठीवर पसरतो. पाय, कंबर, मणका यांना कामच उरत नाही. सोविएत रशियाच्या अंतराळवीरांबद्दल असं सांगतात की, परतल्यावर सपाट खाटेवर झोपताना त्यांना आपण पायाकडं घसरतोय असं वाटायचं. डोक्याकडची बाजू थोडी खाली केली की बरं वाटायचं. तेव्हापासून डोकं खाली आणि पाय वर अशी तिरकी खाट वापरायची पद्धत पडली. हा उतार सहा अंशांचा असतो. सहा फुटी खाट असेल, तर पायाकडची बाजू साधारण साडेसात इंच वर. आपण सामान ठेवायला खाटेखाली विटा लावतो, तशा फक्त पायाकडं लावल्या असं समजा. (हे घरी करून पाहू नका.)

मॉस्कोमध्ये 1986 साली सुरू झालेल्या एका प्रयोगात काही पुरुष अशा खाटेवर तब्बल 370 दिवस पडून राहिले. एका वर्षाहून जास्त! दुसरीही एक रीत तिथलीच: कोमट पाण्याच्या हौदावर न भिजणारं मोठं कापड अंथरायचं आणि त्यात माणसाला बुडतं ठेवायचं. अंग कोरडं राहतं, पण पाणी चहूबाजूंनी उचलून धरत असल्यानं कुठंच टेकू लागत नाही. त्यात शरीराचे बदल खाटेपेक्षाही लवकर दिसतात.

कोलोनची खाट

2019 साली जर्मनीतल्या कोलोन इथल्या अंतराळ-वैद्यक केंद्रात अमेरिका आणि युरोपच्या संस्थांनी मिळून एक मोठा प्रयोग केला. बारा-बारा जणांच्या दोन तुकड्या, स्त्रिया आणि पुरुष मिळून 24 निरोगी माणसं. त्यांनी स्वतःहून नावं दिली होती, त्यांच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं समजावून सांगून संमती घेतली होती आणि त्यांना मोबदलाही मिळाला.

एकूण 89 दिवस. पहिले 15 दिवस तयारीचे, मग 60 दिवस सहा अंश उतारावर पडून. जेवण, आंघोळ, संडास, वाचन, फोन, सगळं आडव्यानंच. नियम असा की निदान एक खांदा तरी सतत गादीला टेकलेला हवा. काही जणांना रोज अर्धा तास एका मोठ्या चक्रावर झोपवून गरगर फिरवत. डोकं मध्याकडं आणि पाय बाहेरच्या बाजूला; म्हणजे पायांवर खोटा भार येतो. नुसतं फिरवून पायांचे स्नायू पुरते वाचले नाहीत, पण भविष्यातल्या लांबच्या प्रवासासाठी ही वाट तपासणं चालू आहे.

आमचं लक्ष मात्र या 89 दिवसांच्या शेवटच्या भागाकडं गेलं. 60 दिवसांनंतरचे 14 दिवस त्यांनी फक्त पुन्हा उभं राहण्यासाठी राखून ठेवले होते. सोबतीला डॉक्टर, व्यायाम शिकवणारे, तपासणीची यंत्रं. निरोगी माणसाला अंथरुणातून बाहेर काढायला इतकी तयारी करतात. आणि आमची आजी? सत्तरीची, तापातून उठलेली, तिला आम्ही म्हणालो, "चल आजी, विहारात."

पडून राहिल्यावर आत काय होतं

पहिल्याच दिवशी पायांतलं पाणी आणि रक्त छातीकडं, डोक्याकडं सरकतं. तोंड सुजल्यासारखं होतं, नाक चोंदतं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, म्हणून किडनी ते लघवीवाटे टाकून देते. रक्तातलं पाणी कमी होतं. मग माणूस अचानक उभा राहिला की रक्त पायांकडं धावतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. आजारातून उठलेलं माणूस मोरीच्या दारात कोसळतं ते पुष्कळदा यामुळं.

नंतर स्नायूंची पाळी. मांडी, पोटरी, कंबर हे स्नायू आपल्याला उभं धरून ठेवण्यासाठीच आहेत. त्यांना काम मिळालं नाही की शरीर त्यांना पोसणं कमी करतं.

हाडांचंही तसंच. हाड जिवंत असतं, रोज थोडं मोडतं आणि थोडं बांधलं जातं. भार पडला नाही की बांधकाम मागं पडतं. अंतराळात खुब्याचं हाड महिन्याला साधारण एक ते दीड टक्का झिजतं. हाडातून सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं, त्यामुळं मुतखड्याचाही धोका वाढतो.

हृदय हाही स्नायूच. अमेरिकेत डॅलस इथं 1966 साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. त्यांची दमसास धरून काम करण्याची ताकद चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा ते पन्नाशीत होते. तीस वर्षांच्या वयानं जेवढी ताकद कमी केली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केली होती! आशेची गोष्ट अशी की, 1966 मध्ये पडून राहिल्यानंतर सुमारे आठ आठवडे व्यायाम केल्यावर त्यांची ताकद परत आली होती.

पण ते विशीतले होते. 2007 साली अमेरिकेतूनच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी 67 वर्षांची निरोगी माणसं फक्त दहा दिवस अंथरुणात राहिली आणि त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. दहाच दिवस, तेही आजार नसताना. आमच्या आजीचे तर तीन आठवडे होते.

तूलूझच्या चोवीस जणी

अंतराळाचे बहुतेक जुने प्रयोग पुरुषांवरच झाले, जणू बाईला वर जायचंच नव्हतं. 2005 साली फ्रान्समधल्या तूलूझ शहरात 24 स्त्रियांनी 60 दिवस तिरक्या खाटेवर काढले. त्यांचे आठ-आठ जणींचे तीन गट होते. पहिला गट नुसता पडून राहिला. दुसऱ्याला पडून राहताना प्रथिनांचा जास्तीचा खुराक दिला. तिसऱ्यानं आडव्यानंच पायांचे जोरकस व्यायाम केले.

पहिल्या गटातल्या बायांच्या मांडीचा साधारण पाचवा हिस्सा स्नायू गेला. पोटरीचं नुकसान त्याहून जास्त, चौथ्या हिश्श्याच्या वर. खुराक मिळालेल्या गटाचं काय झालं? त्यांचंही तेवढंच गेलं. मांडीत तर थोडं जास्तच. व्यायाम केलेल्या गटाच्या मांड्या मात्र जवळपास होत्या तशाच राहिल्या.

ही गोष्ट आपल्या घरांनी लक्षात ठेवावी. आजारी माणसासाठी आपण उधारी करून महागडी पावडरचा डबा आणतो, पायाचं सूप करतो, आणि माणसाला झोपवून ठेवतो. खाणं लागतंच, अंडी, डाळ, हरभरे, शेंगदाणे, सुकट, जे परवडेल ते द्यावं. पण पायांना कामच नसेल, तर नुसतं खाणं पायांत ताकद आणत नाही.

मग आराम करायचाच नाही का?

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या वस्तीतल्या माणसाला आराम जास्त होतो असं कुणी म्हणालं, तर आम्हीच त्याला जाब विचारू. चार घरची धुणीभांडी करणारी ताई, झाडू मारणारा दादा, बांधकामावरची गरोदर बाई यांना आराम मिळत नाही, हे दुखणं मोठं आहे. आराम हा हक्क आहे. पण आराम म्हणजे ओझं उतरवणं. आठवडेच्या आठवडे न हलणं म्हणजे आराम नव्हे.

1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक आढावा आला. 15 वेगवेगळ्या दुखण्यांमध्ये अंथरुणात ठेवल्यानं फायदा होतो का, हे पाहणारे 39 अभ्यास त्यात तपासले होते. पडून राहिल्यानं कुठल्याच दुखण्यात ठळक फायदा दिसला नाही. काही ठिकाणी तोटाच दिसला. साधी कंबरदुखी, बाळंतपण, बहुतेक ऑपरेशनं यांत आज डॉक्टर माणसाला शक्य तितक्या लवकर उठवतात, ते याचसाठी.

पण काही वेळा हालचाल खरंच धोक्याची असते. मणक्याला मार, न बसवलेलं मोडलेलं हाड, पायात रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा नुकता झटका, गरोदरपणात रक्तस्राव, अशा वेळी डॉक्टरांनी झोपून राहा म्हटलं तर ऐकायचंच. फक्त एक प्रश्न विचारायचा: "किती दिवस?"

घरात काय करता येईल

दवाखान्यातून सुट्टी मिळताना गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत तीन गोष्टी विचारून घ्या: माणसाला कधी बसवायचं, कधी उभं करायचं, रोज किती चालवायचं. डॉक्टर घाईत असतील तर नर्सताईंना विचारा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. "आमच्या माणसाला तिकडं पाठवायचं का?" हे विचारायला लाजू नका.

डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर पुढच्या गोष्टी दहा बाय दहाच्या खोलीतही होतात:

- पडल्या पडल्या दर तासाला पावलं दहा वेळा वर-खाली करावीत, गुडघे दुमडावेत आणि सरळ करावेत. पोटरी हलली की पायातलं रक्त वर चढतं.
- जेवण शक्यतो बसून. पाठीला उशी किंवा भिंत द्या, पण बसवा.
- उठताना घाई नको. आधी कुशीवर, मग खाटेच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसणं, मग कुणाचा तरी हात धरून उभं राहणं. चक्कर आली तर लगेच खाली बसवा.
- खुर्चीवरून किंवा उंच स्टुलावरून उठणं-बसणं, सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, चार-पाच वेळा. मांडीचा याहून स्वस्त व्यायाम नाही.
- भिंत धरून खोलीतच येरझाऱ्या. रोज चार पावलं वाढवा. मग दारापर्यंत, मग शेजारच्या दारापर्यंत.
- पाणी तोडू नका. सार्वजनिक संडास लांब म्हणून म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत आणि त्यामुळं चक्कर वाढते. डॉक्टरांनी पाणी कमी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.
- जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवा. माकडहाड, खुबा, टाच इथं कातडी लाल झाली का, हे रोज पाहा.

एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर थांबू नका. पायात गुठळी झालेली असू शकते. पाय चोळत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

उठवायचं कुणी?

हे सगळं वाचून घरातली सून म्हणेल, आणखी एक काम माझ्याच डोक्यावर! तिचं खरं आहे. कोलोनमध्ये सेवेला पगारी माणसं होती. आपल्याकडं कामावरून आलेली बाईच आजीचं भांडंही काढते.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या आजारानं स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगी नाही म्हणून कुणी त्याच्याकडं फिरकत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, आणि स्वतः तथागतांनी डोक्याकडून व आनंदानं पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून सांगितलं की, इथं तुमचे आईबाप नाहीत. एकमेकांची सेवा तुम्हीच करायची आहे. हे काम तथागतांनी कमी लेखलं नाही. मग घरातल्या मुलानं, नातवानं आजीचा हात धरून दहा पावलं चालवायला लाजायचं कशाला? सकाळी मुलानं, संध्याकाळी नातवानं, अशी पाळी लावा. शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर विहारातल्या तरुण मुलामुलींनी ही पाळी घ्यावी.

धम्म आपल्याला 'एहिपस्सिको' सांगतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. म्हणून आमच्यावरही नुसता विश्वास ठेवू नका. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर डॉक्टरांना विचारा, आजपासून थोडं थोडं बसवा, उभं करा आणि पंधरा दिवसांनी फरक स्वतः पाहा.

आमच्या गल्लीतल्या आजीला नातू रोज संध्याकाळी भिंत धरून चालवू लागला. पहिल्या दिवशी सहा पावलं झाली, आणि आजीनं त्याला शिव्या दिल्या. दोन महिन्यांनी ती काठी टेकत विहाराच्या पायरीपर्यंत आली. वर चढायला तिनं आमचा हात मागितला, आणि वंदनेला सगळ्यांसोबत उभी राहिली.

जयभीम! नमो बुद्धाय!